रिसाल्याचा थकलेला पगार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तो सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धातील घोडदळाच्या एका पलटणीचा. त्यावर चिटणीसांनी मला मोठ्या सौजन्याने विचारले, की विषय चुकून दुसऱ्याच कोणा वक्त्याचा तर आला नाही ना? विषय माझाच आहे. व्याख्यान संपेपर्यंत तो कामगारांचाही आहे असे आपणांस वाटले, म्हणजे चिटणीसांची काळजी दूर होईल.

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे तो किती थोडा आहे ते कळेल. माझे शिक्षण नववीत थांबले. १९८२ च्या गिरणीसंपात वडिलांची नोकरी गेली ती गेलीच, आणि पुढे चार वर्षांनी मी एका फौंड्रीत हेल्पर म्हणून लागलो. दिवसा वाळू चाळावयाची आणि संध्याकाळी नगर वाचनालयात बसावयाचे, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेथेच इंग्लंडच्या इतिहासाचे, पुठ्ठा निघालेले एक पुस्तक हाती आले. राजे, सरदार, लढाया यांतून वाट काढीत मी एका वाक्यापाशी आलो. १६४७ च्या वसंत ऋतूत पार्लमेंटच्या पायदळाचा १८ आठवड्यांचा आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता, असे त्या वाक्यात होते. माझे बोट तेथेच थांबले. तोवर इतिहास म्हणजे मोठ्या माणसांचा उद्योग अशी माझी समजूत होती. ४३ आठवड्यांची थकबाकी म्हणजे काय, हे मात्र मला कोणी शिकवावयास नको होते.

आता गोष्टीकडे वळू. पहिल्या चार्ल्स राजाने १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंट बोलाविलेच नाही. लोकांच्या प्रतिनिधींना न विचारता कर वसूल केले. शेवटी पैशासाठी पार्लमेंट बोलाविणे भाग पडले, आणि मग भांडण विकोपाला गेले. २२ ऑगस्ट १६४२ रोजी राजाने नॉटिंगहॅम येथे आपले निशाण उभारले आणि यादवीला तोंड लागले. त्याच सुमारास हंटिंग्डन या लहानशा गावात, पार्लमेंटचा एक सभासद घोडेस्वारांची साठ जणांची तुकडी जमवीत होता. वय ४३, लष्कराचा अनुभव शून्य. त्याचे नाव ऑलिव्हर क्रॉमवेल.

एजहिलची पहिली मोठी लढाई त्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाली. राजाच्या घोडदळापुढे पार्लमेंटचे घोडदळ टिकले नाही. क्रॉमवेलने त्याचे कारण आपल्या एका नातेवाइकाला सरळ सांगितले. राजाकडे खानदानी घराण्यांतली मुले आहेत, आणि आपल्याकडे म्हातारे नोकरचाकर नि गुत्त्यातले गडी. अशी माणसे त्यांच्यापुढे उभी राहणार कशी? राजाच्या स्वाराजवळ घराण्याचा अभिमान असेल, तर आपल्या स्वाराजवळ त्याला तोडीस तोड असे काहीतरी पाहिजे. ते काय, तर आपण कशासाठी लढतो याची जाण.

त्याने माणसे निवडली ती या कसोटीवर. पुष्कळ जण स्वतःची थोडीफार जमीन असलेल्या शेतकऱ्यांची मुले होती. त्यांतले कित्येक आपला घोडा आणि हत्यार घेऊन आले; आपल्याकडे ज्याला शिलेदार म्हणतात त्या जातीचे. अधिकारी निवडतानाही त्याने कुळ पाहिले नाही. काही सभ्य गृहस्थांनी त्याबद्दल नापसंती दाखविली, तेव्हा १६४३ च्या ऑगस्टमध्ये त्याने त्यांना पत्र लिहिले. आपण कशासाठी लढतो हे ज्याला कळते आणि जे कळते त्यावर ज्याचे प्रेम आहे, असा जाड्याभरड्या अंगरख्याचा कप्तान मला नुसत्या घरंदाज माणसापेक्षा जास्त पसंत आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

हा रिसाला वाढत वाढत चौदा तुकड्यांचा झाला. शिस्त अशी, की कोणी शिवी दिली तर बारा पेन्स दंड. (आमच्या गेटमीटिंगला हा नियम लावला, तर संघटनेच्या निधीची चिंता उरणार नाही.) लढण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी होती. प्रत्येक स्वाराजवळ दोन पिस्तुले आणि एक तलवार. राजाचा पुतण्या नव्हे, भाचा, प्रिन्स रूपर्ट, याचे घोडदळ वादळासारखे येई, समोरची फळी फोडी, आणि मग पळणाऱ्यांच्या मागे किंवा सामानाच्या गाड्यांकडे उधळून जाई. ते परत येईपर्यंत लढाईचा निकाल लागलेला असे. क्रॉमवेलचे स्वार गुडघ्याला गुडघा लावून, दुडक्या चालीने, फळी न मोडता पुढे जात. समोरचा शत्रू फुटला तरी ते थांबत, पुन्हा रांग धरीत आणि दुसऱ्या बाजूला वळत. घोडा दौडविणे कोणासही जमते. जिंकल्यावर लगाम खेचणे ही खरी कवाईत. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या माळावर याच कवाईतीने राजाचा उत्तरेतला पाया उखडला. त्या लढाईनंतर रूपर्टने क्रॉमवेलला पोलादी बरगड्यांचा माणूस म्हटले. ते नाव पुढे त्याच्या स्वारांनाही चिकटले. 'आयर्नसाइड्स' म्हणून जगप्रसिद्ध झालेले ते हेच लोक.

१६४५ मध्ये पार्लमेंटने सैन्याची नवी घडी बसविली. फेअरफॅक्स सरसेनापती झाला. क्रॉमवेलच्या जुन्या जोड-रिसाल्याचे दोन भाग केले. एक फेअरफॅक्सचा झाला आणि दुसरा एडवर्ड व्हॉली याच्या हाताखाली गेला. या व्हॉलीच्या रिसाल्याची गोष्ट मी आपणांस सांगणार आहे. व्हॉली हा क्रॉमवेलचा आत्तेभाऊ. युद्धापूर्वी तो लोकरी कापडाच्या धंद्यात होता असे सांगतात. १४ जून १६४५ च्या नेझ्बीच्या लढाईत उजव्या बगलेवर पहिला घाव घातला तो याच रिसाल्याने. त्या दिवशी राजाने आपले मुख्य सैन्य गमावले. वर्षभरात युद्ध संपले.

या रिसाल्याचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. रिचर्ड बॅक्स्टर नावाचे विद्वान धर्मोपदेशक नेझ्बीनंतर या रिसाल्याचे पाद्री म्हणून राहिले. त्यांना आढळले, की येथे साधे स्वार धर्म, राज्य, राजाचा अधिकार, सगळ्यांवर वाद घालतात. एकदा तर त्यांनी एका चर्चमध्ये अशा मंडळींशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाद केला. बॅक्स्टरना हे सारे मुळीच पसंत नव्हते. पण त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपण कशासाठी लढतो हे कळणारी माणसे हवीत, असे क्रॉमवेलने म्हटले होते. तशी माणसे मिळाली. मात्र ज्याला विचार करावयास शिकविले, तो तुम्हांला अडचणीचा विचार तेवढा वगळून बाकीचा करील, अशी सोय जगात नाही.

युद्ध संपल्यावर पार्लमेंटला सैन्य नकोसे झाले. स्वाराला कागदावर रोज दोन शिलिंग मिळत, आणि त्यातच त्याने स्वतःचे नि घोड्याचे पोट भरावयाचे. ४३ आठवडे म्हणजे ३०१ दिवस, म्हणजे ६०२ शिलिंग, तीस पौंडांहून जास्त. पार्लमेंटने सांगितले, की सहा आठवड्यांचा पगार घ्या, काही जण आयर्लंडच्या लढाईवर जा, बाकीचे घरी जा. सैनिकांनी विनंतीअर्ज तयार केला. त्यात मागण्या किती साध्या होत्या पाहा. थकलेला पगार द्यावा. युद्धात हुकमावरून घोडे ओढून आणले त्याबद्दल आता आमच्यावर खटले होऊ नयेत. सक्तीने परदेशी पाठवू नये. मेलेल्यांच्या विधवांची आणि जायबंदी झालेल्यांची काही सोय करावी. या अर्जावर पार्लमेंटने मार्च १६४७ अखेर ठराव केला, की जे हा अर्ज पुढे रेटतील ते राज्याचे शत्रू समजले जातील. मागणीपत्र दिले की तुम्ही शत्रू झालात! हा अनुभव आपल्यातील काही श्रोत्यांना नवा नसेल.

यानंतर जे घडले ते वाचताना मी वाचनालयातल्या बाकावरून उठून उभा राहिलो होतो. एप्रिलमध्ये आठ रिसाल्यांतल्या साध्या स्वारांनी आपले प्रतिनिधी निवडले. एडवर्ड सेक्स्बी, विल्यम ॲलन आणि टॉमस शेपर्ड हे तिघे स्वार सगळ्यांचे पत्र घेऊन लंडनला गेले. ३० एप्रिल रोजी पार्लमेंटने त्यांना उभे करून उलटतपासणी केली. या वाक्याचा अर्थ काय, त्या शब्दाचा रोख कोणावर, असे त्यांना खोदून विचारले. त्यांनी उत्तर दिले, की पत्र रिसाल्यांचे आहे, आमच्या एकट्याचे नाही. अर्थ हवा असेल तर प्रश्न लिहून द्या, आम्ही तो रिसाल्यांपुढे ठेवू. असे उत्तर देणे किती कठीण असते, ते साहेबांच्या केबिनमध्ये एकटा उभा राहिलेला माणूसच जाणतो.

ही पद्धत मग साऱ्या सैन्यात पसरली. प्रत्येक तुकडीने दोघे निवडावे, आणि त्यांतून पुढे रिसाल्याचे प्रतिनिधी ठरावे. खर्चासाठी पायदळाच्या शिपायांनी माणशी चार पेन्स दिले. आठ पेन्स रोज मिळावयाचे, तेही थकलेले, आणि त्यातून अर्ध्या दिवसाच्या पगाराची वर्गणी! संघटना म्हणजे काय याची व्याख्या मला कोणी विचारली, तर मी हे चार पेन्स दाखवीन. जूनमध्ये न्यूमार्केटजवळ सारे सैन्य जमले आणि त्याने शपथ घेतली, की न्याय मिळेपर्यंत आम्ही विखुरणार नाही. सैन्याची एक मंडळी ठरली. तिच्यात सेनानींच्या बरोबरीने प्रत्येक पलटणीचे दोन अधिकारी आणि दोन साधे शिपाई बसावयाचे होते. क्रॉमवेल काही आठवडे घुटमळला आणि मग सैनिकांच्या बाजूला आला. तो नसता तर सैनिकांचा निभाव लागला नसता. आणि सैनिक नसते तर क्रॉमवेलही राहिला नसता.

ऑक्टोबरात पाच रिसाल्यांच्या नव्या प्रतिनिधींनी, आणि त्या पाचांत व्हॉलीचा रिसाला होता, आणखी पुढचे पाऊल टाकले. आमचा पगार तर द्याच. पण हे राज्य कोणाच्या संमतीने चालावयाचे, तेही ठरवा. २८ ऑक्टोबर १६४७ पासून लंडनजवळच्या पटनी येथे सैन्याच्या मंडळीत चर्चा झाली. कर्नल रेन्सबरो म्हणाला, की इंग्लंडातल्या गरिबातल्या गरिबालाही आपले आयुष्य आहे. ज्या राज्याखाली राहावयाचे त्याला त्याची स्वतःची संमती पाहिजे. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, की ज्याची जमीन नाही त्याला मत दिले, तर उद्या तो मालमत्तेवरही हक्क सांगेल. सेक्स्बी उसळून उठला. आम्ही जीव धोक्यात घातले ते आमच्या जन्मसिद्ध हक्कांसाठी. आता सांगता, की जमीन नसेल तर हक्कही नाही! मग आम्ही नुसतेच भाडोत्री शिपाई होतो की काय? या चर्चेची टिपणे विल्यम क्लार्क या चिटणिसाने घेतली होती. ती जवळजवळ अडीचशे वर्षे अप्रकाशित पडून होती आणि १८९१ साली छापली गेली. चिटणिसाचे काम किती मोलाचे असते ते आमच्या संघटनेच्या तरुणांना मी यावरूनच सांगतो.

पटनीत निकाल लागला नाही. पंधरवड्यातच राजा पहाऱ्यातून निसटला. पहारा व्हॉलीचा होता. सेनानींनी 'आता शिस्त आधी' असे म्हणून प्रतिनिधींना पलटणीत परत धाडले. १५ नोव्हेंबरला वेअरजवळच्या मैदानावर काही शिपायांनी आपल्या मागण्यांचे कागद टोपीला लावून आणले, तेव्हा त्यांतल्या तिघांना देहान्ताची शिक्षा झाली. तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि रिचर्ड आर्नल्ड नावाच्या शिपायाला गोळी घातली. पुढे पुन्हा युद्ध झाले, राजा पुन्हा हरला, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्या हुकमावर ५९ सह्या आहेत. तिसरी क्रॉमवेलची, चौथी व्हॉलीची.

राजा गेला. पगार मात्र थकलेलाच राहिला. फरक इतकाच, की पगार देणारे मालक आता आपलेच लोक होते.

२४ एप्रिल १६४९. व्हॉलीच्या रिसाल्यातील एका तुकडीला लंडन सोडण्याचा हुकूम झाला. ही तुकडी बिशप्सगेट भागात उतरली होती. स्वारांचे म्हणणे असे, की आम्ही येथे ज्यांच्या घरी राहिलो, जेवलो, त्यांचे देणे आहे; ते फेडण्यापुरते पैसे द्या, मग निघतो. पैसे येईनात. तेव्हा काही स्वारांनी तुकडीचे निशाण ताब्यात घेतले आणि ते 'बुल' नावाच्या खाणावळीत जाऊन बसले. त्यांच्यात रॉबर्ट लॉकियर होता. वय २३, त्यांतली सात वर्षे सैन्यात गेलेली. स्वतः फेअरफॅक्स आणि क्रॉमवेल तेथे आले. पंधरा जणांना धरून लष्करी न्यायालयापुढे उभे केले. सहा जणांना देहदंड झाला, पाचांना माफी मिळाली. लॉकियरला २७ एप्रिल रोजी सेंट पॉलच्या आवारात गोळ्या घातल्या.

दोन दिवसांनी त्याची अंत्ययात्रा निघाली. साधा स्वार, पण त्याचा घोडा काळे वस्त्र घालून मागून चालविला होता, एरवी मोठ्या सेनानीच्या मागून चालवीत तसा. हजारो माणसे, स्त्रियासुद्धा, टोप्यांना आणि छातीला समुद्री हिरव्या नि काळ्या फिती लावून चालली होती. आठ वर्षांपूर्वी ज्या गोरगरिबांना राजकारणात कोणी मोजत नव्हते, ती माणसे त्या दिवशी लंडनच्या रस्त्याने एका स्वाराला पोहोचवावयास निघाली होती. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने दुसऱ्या रिसाल्यांतील बंड बर्फर्ड येथे मोडले. तेथे आणखी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या, आणि स्वारांची चळवळ संपली.

क्रॉमवेलची बाजू नाही असे नाही. तिजोरी रिकामी होती. राजाचा मुलगा परदेशात टपून बसला होता. आयर्लंडची मोहीम तोंडावर होती. अशा वेळी फळी मोडली तर सगळेच बुडेल, असे त्याला वाटले. जिंकल्यावर लगाम खेचण्यात तो तर कसबीच! फक्त या वेळी लगाम त्याच्या स्वतःच्या माणसांच्या तोंडात होता.

ही बाजू मला इतकी चांगली का समजते, ते आता सांगतो, आणि त्यासाठीच मी आज येथे उभा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात ४१ दिवसांचा लढा झाला. करारावर माझी सही आहे. अकरा महिन्यांचा फरक हप्त्याने द्यावयाचा ठरले. पहिला हप्ता आला, दुसरा आला नाही. मी सांगितले, थांबा. आता गडबड केली तर करारच मोडेल. एक तरुण मोल्डर थांबला नाही. पंचवीस-तीस जणांना घेऊन तो गेटवर बसला. कंपनीने मला विचारले, ही तुमची माणसे का? आणि मी माझ्या सहीने कागद दिला, की या प्रकाराशी संघटनेचा संबंध नाही. त्या कागदावर त्याची नोकरी गेली. बाकीच्यांना फरक मिळाला, पुढे दोन वर्षांनी. त्याला मिळाला नाही.

मी त्याला गोळी घातली नाही, असे मी मनाशी पुष्कळदा म्हटले आहे. पण लॉकियरची हकीकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. त्याची मागणी काय होती? मी सही केली होती तेवढीच! मी त्याच्या घरी गेलो. तो रिक्षा चालवितो. मी विचारले, चौकशीत तू काही बोलला का नाहीस? तो म्हणाला, "अण्णा, तुमचा कागद त्यांच्या हातात होता. मग मी काय बोलणार?" त्याने मला चहा दिला. रागावला असता तर बरे झाले असते. आता आमच्या घटनेत एक कलम आहे, की सभासदाला नाकारणारा कोणताही कागद गेटमीटिंगपुढे ठेवल्याशिवाय कोणाही पुढाऱ्याने द्यावयाचा नाही. त्याची नोकरी त्या कलमाने परत आली नाही.

व्हॉलीच्या रिसाल्याचे पुढे काय झाले? तो स्कॉटलंडात डनबारला लढला. पगाराच्या बदली सैनिकांना कर्जरोखे मिळाले. गरजू शिपायांनी ते मिळेल त्या किमतीला विकले. घेणाऱ्यांत त्यांचेच अधिकारी पुष्कळ होते. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला. ज्याला पुढे लग्नाच्या तहात आपली मुंबई मिळाली तोच हा. जुने सैन्य मोडले. गंमत अशी, की ते मोडताना पार्लमेंटने खास कर बसवून सैनिकांची बाकी चुकती केली. आपल्या माणसांनी जे दिले नाही ते राजा परत आल्यावर मिळाले. पण शस्त्र खाली ठेवण्याची किंमत म्हणून. व्हॉली अमेरिकेत पळाला आणि मरेपर्यंत लपून राहिला.

मित्रहो, या गोष्टीवरून सगळे पुढारी सारखेच, असा अर्थ कृपा करून काढू नका. तो अर्थ मालकाच्या सोयीचा असतो. क्रॉमवेलशिवाय तो रिसाला उभा राहिला नसता. मी इतकेच म्हणतो, की ज्या संघटनेने विचार करणारी माणसे गोळा केली, तिने त्यांच्या विचारण्याचा हक्क विजयाच्या दुसऱ्या दिवशीही शिल्लक ठेवला पाहिजे. तो पुढाऱ्याच्या चांगुलपणावर सोडू नये. मी माझ्या स्वतःच्या चांगुलपणाबद्दल बोलतो आहे. तो नियमात लिहावा, आणि त्यासाठी माणशी चार पेन्स वर्गणी न चुकता भरावी.